रुळाच्या निमित्ताने पुन्हा सी प्लस प्लस

सी प्लस प्लस शिकलेली माणसे भिलाईच्या कुठल्याही सेक्टरमध्ये सापडतील. कुणाला ती बारावीला होती, कुणाला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. पण त्यांच्यासमोर आज रिकामी फाइल ठेवून ‘काहीतरी उपयोगाचे लिहा’ म्हटले, तर बहुतेकांची गाडी पहिल्या चार ओळींपुढे सरकणार नाही. हा विसरभोळेपणा नव्हे. आपल्याला उत्तरे शिकवली गेली होती, आणि ती ज्या प्रश्नांची होती ते प्रश्न आपल्याला कधी पडलेच नव्हते. पॉइंटर कशासाठी, डिस्ट्रक्टर कशासाठी, कॉन्स्ट कशासाठी, हे परीक्षेत लिहून मोकळे झालो. ज्याची गरज कधी भासली नाही ते डोक्यात टिकावे कशाला?

म्हणून अवघड भाषा पुन्हा शिकायची तर पुस्तकाआधी एक प्रश्न हवा: स्वतःचा, आणि थोडा हट्टी. भिलाईत तसा प्रश्न शोधायला लांब जावे लागत नाही. मी निवडलेला प्रश्न रुळाचा आहे. गिरणीतून लालबुंद बाहेर पडलेला रूळ थंड कसा होतो, हे प्रोग्राम लिहून पाहायचे.

निळ्या पडद्याचा वारसा

आपल्याकडच्या सी प्लस प्लसचे रूप एका निळ्या पडद्याने ठरवले. बोरलँड कंपनीने टर्बो सी प्लस प्लस १९९० मध्ये आणले. भारतातल्या कितीतरी कॉलेजांनी ते पुढे दोन दशकांहून अधिक काळ सोडले नाही. नव्या विंडोजवर ते चालेना, तेव्हा डॉसबॉक्समध्ये घालून चालवले. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हाताशी धरून एका अख्ख्या पिढीने सी भाषा गिरवली, आणि त्याच जोरावर सी प्लस प्लसमध्ये पाय टाकला. त्यामुळे आपली सी प्लस प्लस पुष्कळदा सी भाषेचाच थोडा वाढवलेला अवतार राहिली.

भाषा मात्र पुढे गेली. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९७९ साली ‘सी विथ क्लासेस’ या नावाने काम सुरू केले. १९८३ मध्ये सी प्लस प्लस हे नाव पडले आणि १९८५ मध्ये ती बाजारात आली. तिचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक निघाले १९९८ मध्ये, म्हणजे टर्बोनंतर आठ वर्षांनी. २०११ च्या मानकाने तर तिचा चेहराच बदलला. ही जणू नवीच भाषा वाटते, असे खुद्द स्ट्राउस्ट्रुप म्हणाले. तेव्हापासून दर तीन वर्षांनी नवे मानक येते आहे: २०१४, २०१७, २०२०, २०२३.

इथे पुन्हा शिकणाऱ्याची खास अडचण सुरू होते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पूर्ण विसरल्यासारखे वाटणारे पाठांतर पुन्हा करताना पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, असे त्यांना दिसले. या वाचलेल्या वेळेला त्यांनी बचत म्हटले. ही बचत आपल्याही खात्यावर आहे. लूप, अट, फंक्शन हे सगळे हातात लवकर परत येते. पण त्याच वाटेने जुन्या सवयीही परत येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच आता मोडायच्या असतात. कोणती सवय ठेवायची आणि कोणती मोडायची, हे नुसत्या वाचनाने ठरत नाही. काम करताना ठरते.

प्रश्न कोणता?

भिलाई पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. १९६० च्या दशकापासून इथले रूळ देशभर जात आहेत. आज इथल्या गिरणीत एकसंध १३० मीटरचा रूळ निघतो, आणि दोन रूळ जोडून २६० मीटरची लांबी तयार होते.

पहिला प्रोग्राम याच लांबीवर दहा ओळींत लिहिता येतो. पोलादाचा एक मीटरचा तुकडा एका अंशाने तापला की मीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या साडेअकरा पट वाढतो. २६० मीटरच्या रुळासाठी हे झाले अंशामागे ३ मिलिमीटर. थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत रुळाच्या तापमानात ५० अंशांचा फरक धरला, तर मोकळ्या ठेवलेल्या रुळाची लांबी सुमारे १५ सेंटिमीटरने बदलेल. गिरणीतून निघतानाचे गणित आणखी मोठे आहे. सुमारे ९०० अंशांवरचा रूळ खोलीच्या तापमानाला येईपर्यंत मीटरभराहून अधिक आखडतो, म्हणून गरम असताना तो तेवढा जास्त लांब कापावा लागतो.

खरी गंमत मात्र रुळाच्या छेदात आहे. वर जाड डोके, खाली रुंद पण पातळ तळ आणि दोघांना जोडणारी उभी भिंत. प्लांटमध्ये यांना हेड, फूट आणि वेब म्हणतात. ज्याचा एक मीटर सुमारे ६० किलो भरतो अशा रुळाची उंची १७२ मिलिमीटर असते. फूट १५० मिलिमीटर रुंद, हेड ७२ मिलिमीटर आणि वेब जेमतेम साडेसोळा. हेडमध्ये पोलाद जास्त आणि हवेला उघडा भाग त्या मानाने कमी, म्हणून ते सावकाश थंड होते. फूट पसरट असल्याने लवकर थंड होते. एक बाजू आधी आखडते, दुसरी मागाहून, आणि कूलिंग बेडवर सरळ ठेवलेला रूळ वाकू लागतो. म्हणूनच रूळ बनवणाऱ्या गिरण्यांत तो आधीच उलट दिशेने किंचित वाकवून ठेवतात आणि थंड झाल्यावर रोलर यंत्रातून सरळ करतात.

तेव्हा प्रश्न असा: दर मिनिटाला हेड, वेब आणि फूट यांचे तापमान किती असेल?

उष्णता कशी वाहते याचे समीकरण जोसेफ फूरिए यांनी १८२२ मध्ये पुस्तकरूपाने मांडले. संगणकासाठी त्याचे सोपे रूप असे. रुळाच्या छेदावर चौकोनांची जाळी टाकायची. प्रत्येक चौकोनाचे पुढच्या क्षणीचे तापमान त्याचे स्वतःचे आणि चार शेजाऱ्यांचे आत्ताचे तापमान पाहून काढायचे. कडेचे चौकोन हवेलाही उष्णता देतात. हीच क्रिया पुन्हा पुन्हा करत राहायची.

प्रश्नाने मागितलेली भाषा

चौकोन २ मिलिमीटरचा धरला तर १७२ गुणिले १५० च्या चौकटीत ८६ ओळी आणि ७५ स्तंभ होतात, म्हणजे ६,४५० चौकोन. प्रत्येक तापमान ‘डबल’ प्रकारच्या संख्येत ठेवले की ८ बाइट लागतात. एका जाळीला झाले ५१,६०० बाइट. नवे तापमान काढताना जुने पुसून चालत नाही, म्हणून जाळ्या दोन हव्यात: एक आत्ताची, एक पुढची. डॉसच्या काळात मेमरीचा एक खंड ६५,५३६ बाइटांचा असे. त्यात यांतली एक जाळी मावते, दोन मावत नाहीत.

ही जागा मागायची कशी? टर्बोची सवय सांगते: ‘न्यू’ लिहून जागा घ्या, काम झाले की ‘डिलीट’ लिहून परत करा. फंक्शनमधून मधेच बाहेर पडलो, एखादी त्रुटी आली किंवा डिलीट लिहायचे राहिले, की मेमरी अडकून पडते. दोनदा डिलीट केले तर त्याहून वाईट. आजच्या सी प्लस प्लसमध्ये अशा जागी ‘व्हेक्टर’ वापरतात. त्याचा जन्म झाला की जागा मिळते आणि तो कार्यकक्षेबाहेर गेला की डिस्ट्रक्टर ती आपोआप परत करतो. प्लांट पाहायला आलेल्या पाहुण्याला गेटवर मिळालेला पास बाहेर पडताना जमा करावाच लागतो, मग तो आत कुठल्याही रस्त्याने फिरलेला असो. डिस्ट्रक्टरचे काम तसेच. कॉलेजात तो पाच मार्कांची टीप होता. इथे तो नसेल तर काय होईल हे डोळ्यांसमोर असते.

पुढचा पेच दोन जाळ्यांचा. प्रत्येक टप्प्यानंतर नवी जाळी जुनीच्या जागी आणायची आहे. सगळे आकडे एकीतून दुसरीत उतरवले तर? आधी टप्पे किती ते पाहू. काळाची उडी फार मोठी घेतली तर गणित बिथरते. तापमाने वर-खाली झोके घेतात आणि शेवटी लाखांत जातात. उष्णता पोलादात किती झपाट्याने पसरते त्याचा आकडा साधारण १२ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद आहे. तापलेल्या पोलादात तो याहून कमी असतो. चौकोनाच्या बाजूच्या वर्गाला या आकड्याच्या चौपटीने भागले की उडीची मर्यादा मिळते. इथे ४ भागिले ४८, म्हणजे सुमारे ०.०८३ सेकंद. ०.०८ घेतले तर तासभर थंड होण्याच्या गणितासाठी ४५,००० टप्पे लागतात.

४५,००० वेळा ५१,६०० बाइट उतरवायचे, म्हणजे निव्वळ नकलेत २३२ कोटी बाइट. याची गरजच नाही. दोन व्हेक्टरांची अदलाबदल केली की आतले आकडे जागचे हलत नाहीत. कोणती जागा कुणाची, एवढीच नोंद बदलते. २०११ च्या मानकात आलेले ‘मूव्ह’ हे प्रकरण याच विचाराचा विस्तार आहे: जिथे मालकी सोपवून भागते तिथे नक्कल करू नका. पुस्तकात ही कल्पना दोन-दोन अँपरसँडच्या चिन्हांमागे दडलेली असते. ४५,००० टप्प्यांचा हिशेब समोर असला की ती स्वतः होऊन समजते.

त्याच ४५,००० चा आणखी एक धडा आहे. टर्बोमध्ये ‘इंट’ १६ बिटांचा होता आणि त्याची मजल ३२,७६७ पर्यंत होती. टप्पे मोजणारा आकडा तिथे तासाच्या आतच कोलमडला असता. आजचा इंट साधारणपणे ३२ बिटांचा, मजल सुमारे २१४ कोटी. पुरेसा वाटतो. पण चौकोन १ मिलिमीटरचा केला की चौकोन चौपट होतात आणि टप्पेही चौपट. काम १६ पट वाढते. २९ कोटी चौकोन-गणिते होती, ती ४६४ कोटी होतात. त्यांची एकूण मोजणी इंटमध्ये ठेवली तर मर्यादा ओलांडली जाते. आणि चिन्हांकित पूर्णांकाने मर्यादा ओलांडली की पुढे काय होईल याची भाषा हमीच देत नाही. पुस्तकांत याला ‘अनडिफाइंड बिहेव्हिअर’ म्हणतात. प्रोग्राम कदाचित चालेल, कदाचित निमूट चुकीचे उत्तर देईल.

कडेच्या चौकोनांवर प्रकार-व्यवस्थेचा धडा मिळतो. तापलेले पोलाद मुख्यतः प्रारणाने उष्णता सोडते. स्टेफान-बोल्ट्झमान नियमानुसार ती केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. ९०० अंश सेल्सिअसचा पृष्ठभाग ३०० अंशांच्या पृष्ठभागापेक्षा सुमारे साडेसतरा पट उष्णता फेकतो. हेच गणित चुकून सेल्सिअसमध्ये केले तर उत्तर येते ८१ पट. दोन्ही आकडे ‘डबल’च, त्यामुळे कंपायलरला संशय येण्याचे कारण नाही. एककांचा असाच गोंधळ नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर यानाला १९९९ मध्ये भोवला आणि यान गमावले गेले. उपाय असा: केल्विन आणि सेल्सिअस हे दोन वेगळे प्रकार म्हणून लिहायचे. मग एकाच्या जागी दुसरा दिला की प्रोग्राम तयारच होत नाही. कंपायलर हे वेष्टन साधारणपणे पूर्ण विरघळवून टाकतो, त्यामुळे वेगाची किंमत जवळपास शून्य. वापरले नाही त्याची किंमत मोजायची नाही, आणि वापरले ते हाताने लिहिले असते त्याहून महाग पडू द्यायचे नाही, हे या भाषेचे मूळ ब्रीद आहे.

मग पोलाद स्वतःच अडवते. ७२७ अंशांच्या खाली आल्यावर रुळाच्या पोलादाची आतली रचना बदलते आणि त्या बदलात थोडी उष्णता बाहेर पडते. थंड होण्याचा वेग मधेच मंदावतो. पहिल्या आवृत्तीत पोलादाचे गुणधर्म ठरावीक आकडे होते. आता ते तापमानानुसार बदलायला हवेत. म्हणजे गणित करणाऱ्या फंक्शनला आकड्याऐवजी नियमच द्यावा लागतो. इथे लँब्डा उपयोगी पडतो. ज्या जागी हवे त्याच जागी लिहिलेले छोटेसे निनावी फंक्शन दुसऱ्या फंक्शनच्या हाती सोपवता येते. लँब्डा शिकायचा म्हणून पोलाद आणले नव्हते. पोलादाने लँब्डा मागितला.

तीन परीक्षक

एकट्याने शिकणाऱ्याला तपासणारा कोण, हा नेहमीचा प्रश्न. अशा प्रकल्पात तीन परीक्षक मिळतात.

पहिला कंपायलर. त्याचे सगळे इशारे चालू ठेवावेत. पूर्वी आपण त्रुटी तेवढ्या पाहत होतो आणि इशारे सोडून देत होतो. कॉन्स्ट लिहिण्याची सवयही इथेच लागते. जुनी जाळी बदलायची नाही असे कॉन्स्टने एकदा सांगितले की चुकून तिच्यात लिहिणारी ओळ कंपायलर अडवतो.

दुसरा सॅनिटायझर. हा टर्बोच्या पिढीला माहीतच नव्हता. गूगलमधल्या अभियंत्यांनी तयार केलेला ॲड्रेस सॅनिटायझर साधारण २०१२-१३ पासून क्लँग आणि जीसीसी या कंपायलरांत आहे. प्रोग्राम आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीत गेला की तो तिथल्या तिथे थांबवतो आणि ओळ दाखवतो. जाळीच्या अगदी वरच्या ओळीतल्या चौकोनाने वरचा शेजारी मागितला, तर असा शेजारी नसतोच. क्रमांक चिन्हरहित प्रकारात असेल तर शून्यातून एक वजा केल्यावर २० अंकी संख्या मिळते. व्हेक्टरचा चौकटी कंस ही चूक तपासत नाही, सॅनिटायझर पकडतो.

पण डाव्या कडेला वेगळेच घडते. सगळ्या ओळी एकापुढे एक ठेवलेल्या असतात. पाचव्या ओळीच्या पहिल्या चौकोनाने डावा शेजारी मागितला की त्याला चौथ्या ओळीचा शेवटचा चौकोन मिळतो. ती मेमरी आपलीच असल्याने सॅनिटायझर गप्प बसतो. प्रोग्रामच्या जगात फुटाची डावी कड उजव्या कडेला चिकटलेली असते आणि कुणालाच पत्ता नसतो.

इथे तिसरा परीक्षक लागतो: निसर्गाचा नियम. कडा पूर्ण बंद आहेत असे मानून डाव्या कडेचा एकच चौकोन तापवायचा. पुढच्याच टप्प्याला उजव्या कडेला ऊब उमटली तर शेजाऱ्यांचा हिशेब चुकला आहे. कडा बंद असतील तर एकूण उष्णता तेवढीच राहिली पाहिजे. रूळ डावी-उजवीकडे सारखा असल्याने तापमानही तसेच हवे. आणि कुठलाही चौकोन कधीच सुरुवातीच्या कमाल तापमानापेक्षा गरम किंवा भोवतालच्या हवेपेक्षा थंड होता कामा नये. या चाचण्या प्रोग्राममध्ये कायमच्या लिहून ठेवल्या की प्रत्येक बदलानंतर त्या आपोआप चालवता येतात.

मग रस्ट का नको?

कुणी विचारेल, एवढी जोखीम असलेली भाषा पुन्हा शिकायचीच कशाला? प्रश्न रास्त आहे. आपल्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकांतून येतात, असे मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये सांगितले. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये, तर व्हाइट हाउसच्या सायबर विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मेमरी-सुरक्षित भाषांकडे वळण्याचा सल्ला दिला. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेली रस्ट भाषा यातल्या कितीतरी चुका प्रोग्राम तयार होण्याआधीच रोखते. नवे काम कोऱ्या पाटीवर सुरू करणाऱ्याने तिचा विचार जरूर करावा.

पण जग कोऱ्या पाटीवर चालत नाही. क्रोम ब्राउझर, पायटॉर्चचा गाभा, द्रव आणि उष्णतेच्या गणितासाठी कारखाने-विद्यापीठांत वापरले जाणारे ओपनफोम, हे सगळे सी प्लस प्लसमध्ये आहे. शिवाय मालकी कुणाची आणि आयुष्य किती, हे प्रश्न सी प्लस प्लसमध्ये झगडून समजलेल्या माणसाला रस्टचे नियम जाचक वाटण्याऐवजी ओळखीचे वाटतात.

या भाषेचा उगमही अशाच एका कामात आहे. केंब्रिजमध्ये पीएचडी करताना स्ट्राउस्ट्रुप यांनी एक सिम्युलेटर नॉर्वेत जन्मलेल्या सिम्युला भाषेत लिहिला. मांडणी सुरेख झाली, पण तो चालायला फार हळू. शेवटी त्यांना तो बीसीपीएल या खालच्या पातळीवरच्या भाषेत पुन्हा लिहावा लागला. सिम्युलाची मांडणी आणि सीचा वेग एकत्र हवा, ही निकड त्यातून आली. म्हणजे क्लास आधी आणि गरज मागाहून, असा क्रम खुद्द भाषेच्या जन्मातही नव्हता.

आपला प्रकल्प निवडताना

रूळच हवा असे नाही. तबला वाजवणाऱ्याने ठेका ओळखणारा प्रोग्राम घ्यावा. सेकंदाला ४४,१०० नमुने हाताळताना वेळेची शिस्त आपोआप शिकावी लागेल. मराठी शब्दांची अकारविल्हे यादी करायला घेतली की युनिकोड, मजकूर आणि तुलनेचे नियम सगळे समोर येतात. कसोट्या तीनच. पहिली: चुकीचे उत्तर संगणकाच्या मदतीशिवाय ओळखता येईल एवढी त्या विषयाची जाण हवी. दुसरी: पहिली चालणारी आवृत्ती दोन-चार संध्याकाळी उभी राहिली पाहिजे, मग ती कितीही अपुरी असो. तिसरी: पुढच्या प्रत्येक पायरीने भाषेकडे काहीतरी नवे मागितले पाहिजे. तिसऱ्या कसोटीला प्रकल्प उतरेनासा झाला, त्याच त्या प्रकारच्या ओळी वाढू लागल्या, की तो संपला असे समजावे आणि दुसरा प्रश्न घ्यावा. भाषा अवघड ती अवघडच राहते. पण तिच्यातली प्रत्येक अवघड गोष्ट कुणाच्या तरी खऱ्या अडचणीतून आली आहे, आणि ती अडचण एकदा आपली झाली की व्याख्या पाठ करावी लागत नाही.